दैत्ययुद्धाच्या दोन कथा : तुळजाभवानी आणि खंडोबा

महाकाय दैत्यांच्या झुंजीचे आकर्षण व्हिडिओ गेमपुरते मर्यादित नाही. १९९१ च्या ‘किंग ऑफ द मॉन्स्टर्स’ या जपानी खेळात अजस्र प्राणी शहरे तुडवीत एकमेकांना लोळवितात. हरलेल्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. कळंबच्याच जिल्ह्यातील तुळजापूर व नळदुर्ग या क्षेत्रांशी निगडित कथांत मात्र तोच प्रश्न कळीचा ठरतो.

तुळजापूरच्या कथेनुसार कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती हिच्या तपात कुकुर दैत्याने विघ्न आणले. देवी धावून आली; महिषरूप घेतलेल्या दैत्याचा तिने वध केला. देवी त्वरेने आली म्हणून ‘त्वरिता’ व त्यावरून ‘तुळजा’, ही व्युत्पत्ती भाषाशास्त्रापेक्षा भक्तीला अधिक जवळची होय. मूर्तीतही महिष पायाखालीच राहिला आहे.

खंडोबाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. हा देव नळदुर्ग व अणदूर येथे आळीपाळीने वास करतो. ‘मल्हारी माहात्म्या’त शरण आलेल्या मणीला देवाजवळ स्थान मिळते, तर मल्ल मरताना आपले नाव देवाच्या नावाआधी जोडून मागतो. ‘मल्हारी’ या नावात म्हणूनच मल्ल आणि त्याचा अरी एकत्र नांदतात. चंपाषष्ठीला विजयोत्सव होतो आणि जेजुरीत मणीही पूजिला जातो. मणी हा एखाद्या जुन्या स्थानिक दैवताचा अवशेष असावा, असा तर्क येथे सुचतो. परंतु माहात्म्यग्रंथ विजेत्याच्या बाजूने रचले जातात. पराभूताचा इतिहास त्यांतून वाचताना सावधगिरी बाळगावी लागते.