शेवटचा पेपर आणि भाड्याची कॉमिक्स

आपल्या १९९६च्या बॅचचे निकाल, सहली, स्नेहसंमेलनं यांवर कुणीतरी लिहीलच. मी लिहिते आहे ते शाळेच्या कुठल्याच रजिस्टरात न सापडणाऱ्या गोष्टीवर. सहामाही किंवा वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर सुटला की दप्तर फेकून आपण जी भाड्याची कॉमिक्स वाचायचो, त्यांच्यावर.

अंबरनाथ-बदलापूरच्या आपल्यापर्यंत ती यायची बहुतेक उल्हासनगरहून. महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये छावणीचं उल्हासनगर झालं, पण पत्त्यात आजही 'कॅम्प चार', 'कॅम्प पाच'च आहे. तिथल्या बाजाराची भाषा हिंदी, म्हणून दोरीवर लटकलेली कॉमिक्सही हिंदी: नागराज, ध्रुव, चाचा चौधरी. लिपी देवनागरीच असल्यामुळे मराठी माध्यमातल्या आपलं काही अडलं नाही. हिंदीच्या निबंधात आपण 'सर्वनाश', 'महाविनाश' कुठून आणतो, याचं बाईंना कोडं पडायचं ते निराळं!

मराठीत कॉमिक्स नव्हती असं नाही. टाइम्सच्या 'इंद्रजाल'ने १९६४ पासून ली फॉकचा फँटम इथे आणला आणि मराठीत तो 'वेताळ' झाला. पण १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं, तेव्हा आपण चौथीत होतो. वेताळ आपल्याला भेटला तो मोठ्या भावंडांच्या फाटक्या अंकांतून.

मला खरं नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. 'टिंकल' सुरू झालं १९८० मध्ये. त्यातला सुप्पंडी कागदावर उतरवला राम वाईरकरांनी, शिकारी शंभू काढला वसंत हळबे यांनी. नागराजच्या सुरुवातीच्या काळातले कितीतरी अंक प्रताप मुळीकांच्या हातचे, आणि हेच मुळीक 'अमर चित्र कथे'चेही चित्रकार. म्हणजे हिंदी-इंग्रजी म्हणून आपण जे वाचलं, त्यातली बरीच रेघ मराठी हातांची होती. आपण ती नावं कधी वाचलीच नाहीत. एका दिवसाच्या भाड्यात नावं वाचायला वेळ कुणाला? 'अमर चित्र कथे'चे अनंत पै तर रसायन तंत्रज्ञान शिकलेले. घरी कॉमिक्सवरून बोलणी खाल्लेल्या आम्हा इंजिनियर मुलींना ही माहिती तेव्हा फार कामाला आली असती.

मुलींचं म्हणते, कारण दुकानापुढे उभं राहून अंक निवडायची मुभा मुलांनाच होती. आमच्या वाट्याला भावाने आणलेलं, त्याचं वाचून झालेलं, आणि संध्याकाळी परत करायचं असलेलं कॉमिक्स यायचं. मला नेहमी ध्रुव हवा असायचा, भाऊ नागराजच आणायचा. भांडी घासायच्या आधीच्या अर्ध्या तासात मी तो संपवायचे. भरभर वाचायची सवय मला तिथे लागली.

आता याच प्रकाराला ग्राफिक नॉव्हेल म्हणतात आणि ती कॉलेजात अभ्यासाला लागतात. नर्मदा आंदोलनावरचं ओरिजित सेन यांचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज' १९९४ मध्ये आलं, आपण तेव्हा आठवी-नववीत होतो. आपल्या दोरीपर्यंत ते काही पोचलं नाही.

ती दुकानंही आता गेली. आधी केबल आली, मग मोबाइल. बदलापूरला ज्यांच्या घरात २६ जुलै २००५ला उल्हास नदी शिरली, त्यांचे जपून ठेवलेले गठ्ठेही गेले. तरी कुणाच्या माळ्यावर एखादा अंक उरला असेल, पाठीवर दुकानाचा शिक्का असलेला, तर संमेलनाला घेऊन या. उशिराचा दंड लागणार नाही. फक्त यावेळी पहिल्या पानावरची चित्रकाराची नावं आधी वाचू.