कोरे झालेले दप्तर

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. पण माणसाचे शरीरही आपला इतिहास जपून ठेवीत असते. १८४६ साली डेन्मार्कच्या ताब्यातील फेरो बेटांवर गोवराची साथ आली. जेमतेम ७,८०० लोकवस्ती. त्यांतील सुमारे ६,००० लोक आजारी पडले. चौकशीसाठी पाठविलेल्या पीटर पानुम या तरुण डॉक्टराच्या एक गोष्ट ध्यानात आली. १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेला होता, त्या वृद्धांपैकी एकालाही तो पुन्हा झाल्याचे त्याला आढळले नाही. ६५ वर्षांपूर्वीचा शत्रू शरीराने बरोबर लक्षात ठेवला होता!

लस हेच काम रोग न होऊ देता करते. ही आठवण सांभाळतात त्या पांढऱ्या पेशी, आणि त्यांचा उगम हाडांतील मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत होतो. रक्ताच्या कर्करोगात रोगट मगज औषधांनी व किरणांनी नष्ट करून दुसऱ्याचा निरोगी मगज रुग्णाला देण्याचे प्रयत्न अमेरिकेत डॉ. डोनल थॉमस यांनी केले. १९५७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पहिल्या सहा रुग्णांपैकी एकही वाचला नाही. तरीही त्यांनी हे काम सोडले नाही; १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली असे पहिले प्रत्यारोपण झाले.

रुग्ण जगू लागले, तेव्हा नवाच प्रश्न पुढे आला. मगजाबरोबर शरीराचे जुने दप्तरही बहुतांशी पुसले जाते. लहानपणी टोचलेल्या धनुर्वात, पोलिओ, गोवर यांच्या लसींचा प्रभाव हळूहळू ओसरतो. म्हणून २००० साली अमेरिकेत आणि २००९ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर, अशा रुग्णांना लसी पुन्हा नव्याने द्याव्यात, अशा शिफारशी झाल्या. निर्जीव लसी साधारण तीन ते बारा महिन्यांत सुरू करतात. गोवरासारखी जिवंत लस मात्र दोन वर्षे तरी देत नाहीत. त्यानंतरही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे थांबलेली असली, तरच देतात.

मग ती दोन वर्षे त्या मुलाचे गोवरापासून रक्षण कोणी करायचे? उत्तर सरळ आहे: घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि वर्गमित्रांनी, स्वतः लस टोचून घेऊन. भावंडाला तोंडावाटे पोलिओचा डोस देण्यापूर्वीही रुग्णाच्या डॉक्टरांना विचारावे, कारण त्यात जिवंत विषाणू असतो.

आम्हा सीमाभागातील शाळांत एकाच बाकावर मराठी आणि कन्नड घरांतली मुले बसतात. लसीचे कार्ड कोणत्या भाषेत आहे, हे गोवर पाहत नाही. मुख्याध्यापक या नात्याने पालकांना माझे एवढेच सांगणे आहे, की आपल्या मुलाच्या कार्डावरील एक रिकामा रकाना दुसऱ्याच्या मुलाच्या जिवावर बेतू शकतो. तो भरून घ्या.