एकट्या वाटसरूची राहदारी



गेल्या वर्षी माझी एक माजी विद्यार्थिनी पाठीवर एकच पिशवी टाकून जपानला गेली. टोकियो, क्योतो आणि ओसाका ही शहरे तिला एकटीनेच पाहावयाची होती. निघण्याच्या आदल्या दिवशी तिची आई शाळेत आली व मला म्हणाली, "बाई, तिथं तिला काही झालं, तर तिला आपलं म्हणणारं कोण?" मी धीराचे चार शब्द बोलले खरे, पण तो प्रश्न मनातून जाईना. जपानचा जुना इतिहास चाळताना मला असे आढळले की, हाच प्रश्न तेथील लोकांनीही कित्येक पिढ्या स्वतःला विचारला होता.

इ. स. १६०३ पासून १८६८ पर्यंत जपानवर तोकुगावा शोगुनांची सत्ता होती. त्यांची राजधानी एदो, म्हणजे आजचे टोकियो. तेथून सम्राटाच्या क्योतो नगरीपर्यंत 'तोकाइदो' नावाचा राजमार्ग जात असे. त्याची लांबी सुमारे ४९० किलोमीटर असून त्यावर त्रेपन्न टप्पे होते. पायी चालणाऱ्यास ही वाट संपविण्यास सुमारे दोन आठवडे लागत. ओइ नदीवर पूलच बांधलेला नव्हता; तेथे उतारूला हमालाच्या खांद्यावर बसून पलीकडे जावे लागे, आणि पाणी जितके खोल तितकी मजुरी अधिक! पाणी फार चढले, की काठावरच मुक्काम पडे.

या वाटेवर पाऊल ठेवण्यापूर्वी सामान्य माणसाला राहदारीचा दाखला घ्यावा लागे. तो गावचा मुखिया किंवा घराण्याचे बौद्ध मंदिर देत असे. हा माणूस अमुक गावचा, अमुक मंदिराचा, यात्रेस जात आहे, वाटेत रात्र झाल्यास त्यास आसरा द्यावा, असा त्याचा आशय असे. त्यापुढचा मजकूर वाचताना मात्र मन थबकते. हा वाटसरू आजाराने वाटेतच मरण पावला, तर त्या ठिकाणच्या रिवाजाप्रमाणे त्याचे अंत्यविधी उरकावेत. इकडे कळविण्याची आवश्यकता नाही, असे त्यात लिहिलेले असे. घरातून निघणारा माणूस आपल्या मरणाची व्यवस्था कमरेला बांधूनच निघत होता.

कोणी याला निष्ठुरपणा म्हणेल. मला त्यात एक करार दिसतो. आमचा माणूस आम्ही तुमच्या स्वाधीन करीत आहो, असे एक गाव दुसऱ्या अनोळखी गावाला सांगत होते. वाटेवरच्या गावांनाही आजारी वाटसरूला वाऱ्यावर सोडून देता येत नसे.

परंतु हा करार सर्वांसाठी नव्हता. स्त्रियांवर अधिक सक्त नजर असे. सरदारांच्या बायका एदोत ओलीस ठेवलेल्या असत. त्यांपैकी कोणी निसटून जाऊ नये म्हणून १६१९ साली उभारलेल्या हाकोने येथील नाक्यावर राजधानीतून बाहेर पडणाऱ्या स्त्रीची कसून तपासणी होई. तिच्या परवान्यात केशरचनेसारख्या खुणाही नमूद असत, आणि त्या पडताळून पाहण्यासाठी नाक्यावर स्त्रियाच नेमलेल्या असत. शिवाय मंदिराच्या दाखल्याचा दुसरा अर्थ असा, की हा मनुष्य ख्रिस्ती नाही. ख्रिस्ती धर्मावर १६१४ पासून देशभर बंदी होती आणि त्या बंदीचे फलक हमरस्त्यांवर लावलेले असत. ते १८७३ साली उतरविले गेले. माझी विद्यार्थिनी ख्रिस्ती आणि स्त्री. त्या काळच्या कोणत्याही मंदिराने तिला दाखला दिला नसता.

दाखला मिळाला तरी रात्रीच्या निवाऱ्याची चिंता उरेच. एकट्या माणसाला जागा देण्यास वाटेवरचे खाणावळवाले कां कूं करीत. हा चोर असेल, पळून आलेला असेल, कदाचित येथेच आजारी पडेल, अशी त्यांना भीती वाटे. ही अडचण ओसाकाच्या एका फिरत्या विक्रेत्याने ओळखली. त्याचा धंदा कापूस पिंजण्याच्या धनुकलीची तात विकण्याचा. आपल्याकडे पिंजाऱ्याच्या खांद्यावर दिसणारी धनुकली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा धंदा निराळा समजावून सांगावयास नको. गावोगाव एकट्याने हिंडणाऱ्या या विक्रेत्याने १८०४ साली 'नानिवा' नावाचा संघ सुरू केला. विश्वासू खाणावळी निवडून त्यांच्या दारावर संघाची पाटी लावावयाची, आणि सभासद वाटसरूजवळ लाकडी बिल्ला द्यावयाचा, अशी ती योजना. जुगार, वेश्या आणि दारूचा धिंगाणा यांना तेथे मज्जाव होता. बिल्ला दाखविला, की एकटा माणूसही निर्धास्त झोपू शके. लोकांना एवढी सोय पुरेशी वाटली व तसे संघ इतरत्रही निघाले.

१८१० साली यासुमी रोआन याने प्रवाशांसाठी एक पुस्तक लिहिले. त्यात एकसष्ट सूचना आहेत. पहिले काही दिवस सावकाश चालावे. मुक्कामी पोहोचताच आधी दिशा विचारून घ्याव्यात, आणि घराची पुढची-मागची दारे पाहून ठेवावीत, असा त्याचा उपदेश आहे. आजच्या मुलामुलींनाही तो लागू पडेल.

नाके १८६९ साली उठले. १८८९ मध्ये या मार्गाने आगगाडी धावू लागली आणि १९६४ साली अतिवेगवान शिंकान्सेन आली. दोन आठवड्यांची वाट आता अडीच तासांवर आली आहे. नानिवा हे ओसाकाचेच जुने नाव. त्याच ओसाकात १९७९ साली एकट्या माणसाला जेमतेम आडवे होता येईल अशा खोक्यांचे पहिले निवासगृह निघाले. तेथे उतरणाऱ्या परदेशी पाहुण्याला आजही प्रथम पारपत्र दाखवावे लागते. दाखला बदलला, पण तो मागण्याची रीत टिकून आहे.

मुलगी सुखरूप परत आली. एका संध्याकाळी ती क्योतोत वाट चुकली, तेव्हा दुकान बंद करीत असलेली एक वृद्ध बाई दोघींना समजेल असा एकही शब्द नसताना तिला निवासगृहाच्या दारापर्यंत पोहोचवून गेली. हे ऐकून तिच्या आईने डोळे पुसले. तिच्या प्रश्नाचे उत्तर तिला मिळाले होते. मला ते जुन्या कागदांतून शोधावे लागले.