बेवारस खाणींचे पाणी

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील आबरिस्टविथ या विद्यापीठाच्या गावी रायडोल आणि अस्टविथ या दोन नद्या एकाच बंदरात समुद्राला मिळतात. दोघीही केंब्रियन डोंगरांतून उतरतात, दोघींच्या खोऱ्यांत शतकानुशतके शिशाच्या खाणी चालल्या, आणि दोघींच्या पाण्यातील जीवसृष्टी त्या खाणींनी जवळजवळ संपुष्टात आणली. परंतु खाणकामाला उतरती कळा लागली तेव्हा एक नदी बऱ्याच अंशी सावरली आणि दुसरी मात्र सावरली नाही. परित्यक्त खाणीजवळच्या ओढ्याची परीक्षा कशी करावी, याचे शास्त्र ज्या थोड्या ठिकाणी आकाराला आले त्यांत या जोडनद्यांची गणना करावी लागते, आणि त्याचे बरेचसे श्रेय या विषमतेला आहे.

या मुलखातील खाणकामाची प्राचीनता थक्क करणारी आहे. अस्टविथच्या वरच्या अंगाला कोपा हिल नावाची टेकडी आहे, तेथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ताम्रखनिज खणले जात होते. पुढे एलिझाबेथ राणीच्या अमदानीत, 1568 साली, ‘माइन्स रॉयल’ या मंडळीला सनद मिळाली. ज्या खनिजात सोने अथवा रुपे असेल ते राजाच्या मालकीचे, असा तेव्हाचा दंडक होता, आणि येथील शिशात रुपे असल्यामुळे जमीन कोणाचीही असली तरी खाण सरकारजमा होण्याचे भय कायम असे. ह्यू मिडलटनने लंडनला पाणी पुरविणारा कालवा बांधला, त्याच्या द्रव्यबळात येथील रुप्याचा वाटा होता असे सांगतात. थॉमस बुशेलने तर 1637 साली आबरिस्टविथच्या किल्ल्यातच टांकसाळ मांडली. एस्गेर हिर येथील खाणीवरून सर कार्बरी प्राइस या जमीनदाराने वाद मांडला, आणि अखेर 1693 च्या कायद्याने खाण जमीनमालकाकडे राहून राजाकडे केवळ खनिज विकत घेण्याचा अग्रहक्क उरला. हा सारा कज्जेदलाल इतिहास नफ्याच्या मालकीचा आहे. निकामी मालाची मालकी कोणाकडे, हा प्रश्न त्या दस्तऐवजांत कोणाला सुचलेला दिसत नाही.

आणि निकामी माल तर अपरिमित होता. डोंगरमाथ्यावर पाणी अडवून ते एकदम सोडायचे, म्हणजे माती वाहून जाऊन खनिजाची शीर उघडी पडते, ही येथील जुनी रीत. नंतर पाणचक्क्यांनी दगड कुटून, त्याचा चुरा पाण्यात घोळून जड शिसे वेगळे करीत आणि उरलेला गाळ ओढ्यात सोडून देत. त्याच शिरांत जस्ताचे खनिजही असे. जस्ताला गिऱ्हाईक नव्हते त्या काळात ते बिनकामाचे म्हणून ढिगाऱ्यांवर फेकले जाई. शिशापेक्षा जस्ताची संयुगे पाण्यात सहज विरघळतात, ही गोष्ट ध्यानी ठेवावी. पुढील सर्व कथेची किल्ली तीत आहे. एकोणिसाव्या शतकात ही नासाडी इतकी वाढली की नद्यांच्या प्रदूषणाची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाला 1874 साली आपला एक संपूर्ण अहवाल खाणींवर खर्ची घालावा लागला. 1876 चा कायदा आला खरा, पण खाणमालकांच्या हिताला धक्का न लावण्याची दक्षता त्याने नदीपेक्षा अधिक घेतली.

शतकाच्या अखेरीस शिशाचे भाव कोसळले आणि खाणी एकेक करून बसत गेल्या. पहिल्या महायुद्धानंतर आबरिस्टविथच्या महाविद्यालयातील कॅथलीन कार्पेंटर या विदुषीने या नद्यांचे संशोधन आरंभिले. पाण्याचे रासायनिक पृथक्करण करून थांबण्याचा मार्ग तिला मोकळा होता. परंतु तिने दगड उलटून त्याखाली कोण राहते याची नोंद केली. पाण्याची बाटली त्या क्षणापुरतेच बोलते, दगडाखालचा किडा मात्र मागील कित्येक महिन्यांची साक्ष देतो. रायडोलमध्ये आरंभी तिला वीसही जाती मिळाल्या नाहीत. गोगलगाई, जळवा, कोळंबीच्या कुळातील लहान प्राणी आणि मासे यांना धातूचे पाणी सोसत नाही, तर मेफ्लाय व स्टोनफ्लाय या कीटकांच्या काही अळ्या त्यात तग धरतात, हा क्रम या नद्यांतून हळूहळू स्पष्ट झाला. धातूच्या क्षारांनी माशांच्या कल्ल्यांवरचा बुळबुळीत स्राव गोठतो आणि मासा गुदमरून मरतो, हेही तिने 1927 साली मांडले. तिचा ‘लाइफ इन इनलँड वॉटर्स’ हा 1928 चा ग्रंथ गोड्या पाण्याच्या जीवशास्त्रावरील इंग्रजीतील आद्य पाठ्यपुस्तकांपैकी होय. असे असूनही ती दीर्घकाळ विस्मृतीत राहिली, ही विद्वज्जनांच्या कृतज्ञतेची नेहमीची गती म्हणावी लागेल.

1930 नंतरच्या वर्षांत लॉरी आणि जोन्स यांनी रायडोलची पुन्हा पाहणी केली, तेव्हा जातींची संख्या शंभराच्या वर गेली होती. याच जोन्सने 1940 साली अस्टविथचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे खाणी बंद होऊन बरीच वर्षे लोटली असता मासे, गोगलगाई आणि जळवा अद्याप परतल्या नव्हत्या. गाळ सोडणे थांबले तरी ढिगारे जागीच होते, आणि प्रत्येक पावसाबरोबर त्यांतील जस्त नदीत उतरत होते. चालू खाणीचा त्रास ती बंद करून थांबविता येतो. सोडून दिलेल्या खाणीपुढे मात्र हुकूम बजावण्यासाठी समोर माणूसच नसतो.

तथापि त्याच विषारी मातीने एक अनपेक्षित दानही दिले. गोगिनान येथील शिशाच्या खाणीच्या ढिगाऱ्यावर वाढलेले साधे गवत त्या मातीत सुखाने रुजते, कुरणातील त्याच जातीचे गवत मात्र तेथे मरते, असे ब्रॅडशॉ या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1952 साली दाखवून दिले, आणि उत्क्रांती मानवी आयुष्याच्या मर्यादेतही घडू शकते याचा तो प्रसिद्ध दाखला ठरला. अशा उजाड ढिगाऱ्यांवर दुर्मीळ दगडफूल वाढते, ओसाड बोगद्यांत वटवाघळे निवारा शोधतात. म्हणजे मासेमारांना जो ढिगारा हलवावासा वाटतो, तोच निसर्गअभ्यासकांना राखावासा वाटतो. आणि माझ्या मते दोघांचीही बाजू खरी आहे.

कायद्याने मात्र हा पेच फार उशिरा पाहिला. इंग्लंड व वेल्समध्ये 31 डिसेंबर 1999 नंतर सोडलेल्या खाणींच्या पाण्याची जबाबदारी मालकावर आली. त्यापूर्वीच्या खाणींना जुनीच सवलत राहिली, आणि या डोंगरांतील खाणी तर त्याच्या कितीतरी आधी ओस पडलेल्या. म्हणून फ्रोनगोख येथील जुन्या खाणीजवळचा ओढा खाणीत न शिरता बाजूने वळविण्याचे काम 2011 पासून सरकारी खर्चाने करावे लागले.