पत्ता वाचणारे गणित

स्वादुपिंडातील पेशी इन्सुलिन तयार करून रक्तात सोडते. तिच्यातील इतर हजारो प्रथिने मात्र आतच राहतात. बाहेर कोणी जायचे, हे कसे ठरते? आणि अमिनो आम्लांचा क्रम नुसता कागदावर पाहून ते ओळखता येईल का?

न्यूयॉर्कच्या ग्युंटर ब्लोबेल व डेव्हिड साबातिनी यांनी १९७१ मध्ये एक तर्क मांडला: बाहेर जाणाऱ्या प्रथिनाच्या आरंभीच त्याचा पत्ता असावा. १९७२ मध्ये केंब्रिज येथे सेझार मिलस्टाइन व सहकाऱ्यांना उंदराच्या प्रतिपिंडाच्या हलक्या साखळीला असा जादा तुकडा जोडलेला आढळला. बाहेर पडलेल्या साखळीत तो नसे. ब्लोबेल व डॉबरश्टाइन यांच्या १९७५ च्या प्रयोगांनी या तर्काला भक्कम आधार दिला. ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अडचण अशी की, या संकेतखंडाचा मजकूर ठरलेला नसतो. ठरलेली असते ती ठेवण. आरंभी धनभारित, मध्ये पाणी टाळणारी आणि कापण्याच्या जागेपाशी लहान आकाराची आम्ले येतात. मानवी इन्सुलिनच्या संकेतखंडात २४ आम्ले आहेत. त्यांपैकी ८ ल्यूसिन असून शेवटी सलग ३ अ‍ॅलानिन आहेत. स्वीडनच्या गुन्नार फॉन हाइने यांनी १९८६ मध्ये माहीत असलेले अनेक संकेतखंड एकाखाली एक मांडले आणि प्रत्येक स्थानी कोणते आम्ल किती वेळा येते, त्यावरून गुणांचा तक्ता केला. नव्या क्रमाच्या गुणांची बेरीज केली की, अंदाज हाती येतो.

माहीत उदाहरणांवरून गुण ठरवण्याची अशीच रीत पुणे विद्यापीठात अशोक कोळस्कर व टोणगावकर यांनी १९९० मध्ये दुसऱ्या प्रश्नासाठी वापरली. पेशीबाहेर आलेले प्रतिपिंड परक्या प्रथिनाचा नेमका कोणता भाग ओळखते? त्याआधी पाण्याकडे ओढा असलेले भाग शोधण्याकडे कल होता. प्रयोगांनी ठरलेली स्थाने तपासताना मात्र या दोघांना दिसले की, सिस्टीन, ल्यूसिन व व्हॅलिन ही पाणी टाळणारी आम्ले पृष्ठभागावर असतील, तर ती अशा भागात असण्याची शक्यता अधिक. त्यांनी सात-सात आम्लांच्या तुकड्यांची सरासरी काढली. अंदाज सुमारे ७५ टक्के बरोबर आले. ही रीत आजही वापरली जाते. नाशिकच्या वर्गातूनही ती इंटरनेटवर विनामूल्य चालवून पाहता येते.

उरलेल्या २५ टक्क्यांचे काय? आमच्या मते, शिकवण्याजोगी खरी गोष्ट तेथेच आहे. तक्ता माहीत उदाहरणांवरून बनतो, म्हणून त्याला माहीत तेवढेच दिसते. ताप आणणारे इंटरल्यूकिन-१ बीटा संकेतखंडाशिवाय पेशीबाहेर पडते. फॉन हाइने यांचा तक्ता त्याला 'आतले' म्हणेल. २००४ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी यावर युक्ती केली. सस्तन प्राण्यांच्या स्रावित प्रथिनांचे संकेतखंड काढून टाकून, उरलेल्या भागावरूनच त्यांनी संगणकाला 'बाहेरची' प्रथिने ओळखायला शिकवले. पत्ता फाडून टाकल्यावरही पाकिटावरून काही कळते का, असाच तो प्रश्न होता.

विद्यार्थ्यांना इन्सुलिनची ती २४ अक्षरे द्यावीत, ल्यूसिन मोजू द्यावेत. मग इंटरल्यूकिनचे उदाहरण सांगावे. कोणता प्रयोग आधी करावा, हे गणित सांगते. उत्तर खरे की खोटे, हे प्रयोगच ठरवतो.