तळटीप : मालवणची बेटे

* लेखक ‘बेटावरचा किल्ला’ असे मोघम लिहितात. मालवणला पाहण्याजोगी बेटे निदान दोन आहेत. सिंधुदुर्ग कुरटे बेटावर आहे. त्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची. भोवती खारे पाणी असूनही आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी. तिथे धक्क्यावरून होडीने जातात. पावसाळ्यात होड्या बंद. शेजारचा पद्मगड मात्र पूर्ण ओहोटीला दांडीच्या किनाऱ्यावरून पायी गाठता येतो. लेखक पडले रावेरचे. तापीचा पूर पाहिलेल्या माणसाला रोज दोनदा येऊन परतणाऱ्या पाण्याचा हिशेब कुठून असणार? कोकणातला ठोकताळा असा : तिथीची पाऊणपट करावी, भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, म्हणजे ओहोटी बाराच्या सुमारास. पण ती भांगाची, पाणी फारसे हटत नाही. पुनवेला-अवसेला भरती बाराच्या आसपास, म्हणून वाळूची वाट उघडी पडते ती पहाटे किंवा सांजवेळी. लेखक अष्टमीला भर दुपारी निघाले होते. गुडघ्यापर्यंत भिजले ते त्यामुळेच. तरी निघण्यापूर्वी दांडीवरच्या रापणकरांना विचारावे. ठोकताळ्यापेक्षा त्यांचा अंदाज नेमका.