व्यसनोपचाराचा सार्वजनिक खर्च : शहापूर व मुरबाड

व्यसनोपचाराचा सार्वजनिक खर्च : व्यसनी रुग्णाची तपासणी, डॉक्टरांची चिठ्ठी, औषधे, समुपदेशन आणि फेरतपासणी यांवर सरकारी तिजोरीतून होणारा खर्च. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या लक्षणीय आदिवासी लोकसंख्या असलेल्या तालुक्यांत व्यसनाचा प्रश्न मुख्यत्वे दारूचा आहे.

स्वरूप : खासगी दवाखान्यात दर खेपेची फी रुग्णाच्या घरच्यांना भरावी लागते. सरकारी डॉक्टरला मासिक वेतन असते, चिठ्ठीमागे वेगळी फी नसते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क झाले. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारांत करतो आणि दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना सरकारी उपचार मोफत मिळण्याचा हक्क देतो.

उपचारक्रम : नियमित पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली, तर हातपाय थरथरतात, झोप उडते, काहींना फिट येते किंवा भ्रम होतो. म्हणून सुरुवातीचे काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम आणि थायमिन देतात. पुढे दारूपासून दूर राहण्यासाठी नाल्ट्रेक्झोन वा डायसल्फिराम देता येते. डायसल्फिराम घेणारा प्यायला, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. त्यामुळे रुग्णाची संमती, घरच्यांचे लक्ष आणि वेळोवेळी तपासणी आवश्यक असते.

स्थानिक स्थिती : शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आणि मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. मनोविकारांवरील मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे १९०१ मध्ये स्थापन झालेले ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय. शहापूर तालुक्यातील डोळखांबच्या रुग्णाला तिथे जायचे, तर आधी शहापूर, मग आसनगाव स्थानक आणि पुढे लोकल. मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही. तिथल्या टोकावड्याच्या रुग्णाला रस्त्याने कल्याण गाठून लोकल धरावी लागते. सोबत बायको किंवा भाऊ असतो. दोघांचे भाडे जाते, दोघांची मजुरी बुडते. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा फेरतपासणीच तुटते. डॉक्टरांची फी माफ झाली, तरी हा खर्च घरावरच राहतो.

पर्याय : गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित बिगर-डॉक्टर समुपदेशकांच्या मोजक्या बैठकांनी दारू सुटण्याचे प्रमाण वाढले आणि हा मार्ग किफायतशीर ठरला. तीव्र व्यसनाला मात्र डॉक्टर लागतोच.

मूल्यमापन : केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षणानुसार देशात दारूचे अवलंबित्व असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतात. दारूवरील उत्पादन शुल्क हा राज्याच्या महसुलाचा मोठा स्रोत आहे आणि संविधानाचा ४७ वा अनुच्छेद सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानतो. दारूतून उत्पन्न घेणाऱ्या तिजोरीने व्यसन सोडवण्याचा खर्चही उचलला पाहिजे, आणि त्यात गावाजवळचा समुपदेशक, नियमित औषधपुरवठा व प्रवासभाडे धरले पाहिजे. तोवर घरबसल्या पहिला सल्ला मिळवण्यासाठी ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे.